दगडी भिंतींची ऊब

…छे, बॉयलर बिघडला असता तर मीच दोन गुद्दे घातले असते, क्रेग, तुला कशाला बोलावलं असतं? बॉयलर ठीक आहे. नळाचं पाणी बघ, हात पोळेल. दाबाचा काटा जागेवर आहे. फक्त खोल्या तापवणारे रेडिएटर मढ्यासारखे गार पडलेत — का, ते तू सांगायचं. आणि भर जानेवारीत ही अर्धी चड्डी कशाला रे? गुडघे सोललेल्या बिटासारखे झालेत. तुझा सासरा लेन, त्यानंच हे सगळं बसवलं, तोही बर्फात असाच उघड्या पायांनी हिंडायचा. जावई शोधताना आधी गुडघेच पाहिले असणार त्यानं.

हां, ती भिंतीवरची, ऊब कमी-जास्त करायची चकती. पंधरा अंशांवर आहे. पंधरावरच असते. मेविस वीसवर नेते, मी पंधरावर आणतो — संसार म्हणजे दुसरं काय असतं? आणि पंधरावर हे घर असं उबदार राहतं, की आलेला माणूस आधी कोट काढतो. का? भिंती. हा दगड आमच्या खाणीतला. पाटी धरायच्या वयात मी तिथं छिन्नी धरली, मला विचार. असला दगड ऊब पोटात धरून ठेवतो. तुमच्या नव्या पुठ्ठ्याच्या घरांना काय कळणार? रविवारी प्रार्थनेनंतर चॅपलची मंडळी इथे चहाला होती, त्यांनाही हेच सांगितलं. म्हटलं, आमच्या मेविसला वाजते ती मनाची थंडी. सगळे हसले. तुझा सासरा तर चहा सांडेपर्यंत हसला — माझ्या बोलण्याची कदर असलेला माणूस. मेविस नाही हसली. दुसऱ्या दिवशी विणकामाची पिशवी उचलली आणि निघाली बहिणीकडे, विनीकडे, समुद्रकाठी व्हिट्बीला. म्हणाली, तुझ्या भिंती आहेत ना, त्या देतील ऊब. परत कधी येणार म्हटलं, तर तेवढ्यात बस आली.

भांडण? भांडण कसलं. भांडता येतच नाही तिला. मी चकती खाली फिरवली की म्हणते, बरं हो — आणि पिशवीत हात घालून लोकर चाचपत बसते. बिलंसुद्धा तीच बघते, मला अक्षरं टोचतात. गुणी बाई. चार दिवस झाले, फोन नाही.

काय शोधतोयस? बॉयलरवरच्या या लुकलुकणाऱ्या दिव्याची जोडीदार? कसली जोडीदार? — हुकूम देणारी डबी, म्हणतोस? ती बिनतारी हुकूम सोडते, मग घर तापतं. ती लांब गेली की हा दिवा असा लाल होऊन वाट बघत बसतो. अरे बाबा, हुकूम ती चकती देते, लेननं माझ्या डोळ्यांदेखत लावली. काढून बघ की, दोन तर स्क्रू आहेत. काढ, काढ — मग? तार कुठंय? मागं तार असते ना? — नुसता दगड. दगडावर ठोकलेलं झाकण.

पांढरी असते का रे ती डबी? पत्त्यांच्या जोडाएवढी? त्यात आकडे दिसतात? — नाही, ते टाके मोजायचं यंत्र आहे. मेविसच्या पिशवीत असतं, लोकरीच्या गुंड्यांखाली. तिनंच सांगितलंय. टाके मोजायचं…

हसू नकोस. म्हणजे मी चकती फिरवायचो, आणि ती ‘बरं हो’ म्हणत पिशवीत — आणि लेन — तरीच चहा सांडला मेल्यानं. बाकीच्या मंडळींनाही ठाऊक असेल? खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ. असो. खाली बघ.

आणि आता ती डबी व्हिट्बीत बसून समुद्राला हुकूम सोडतेय.

काय? तुझ्या गाडीत नवी आहे? आत्ता जोडून देतोस, माझ्या हातात? मग पंधरा म्हणजे खरंच पंधरा? — आत्ता घरात किती आहे? अकरा. पंधरा कसं लागतं हे मला तरी कुठं ठाऊक आहे.

नको. ती चकती लाव परत. होती तशी, पंधरावर. स्क्रू नीट आवळ, हलता कामा नये. तू काही पाहिलं नाहीस, मीही नाही, आणि लेनजवळ बोललास तर ते गुडघे छिन्नीनं तासून देईन. चहा? चहा घरी जाऊन पी, बायको आहे ना घरी? मग. तो फोन दे इकडे. नंबर पाठ आहे. तू नीघ, दार ओढून घे —

कोण, विनी? मेविसला दे. …मेविस, मी. नाही, पडलोबिडलो नाही. क्रेग येऊन गेला. नाही गं, बॉयलरला काही झालेलं नाही.

भिंती गार पडल्यात.