वरची साल

मामा: बस म्हणालीस तर बसतो. नाहीतर उभाही राहीन, पाय अजून चालतात.

भाची: बसा. खुर्ची आम्ही सगळ्यांनाच देतो.

मामा: एकोणीस वर्षांनी भेटतेयस. मामा तरी म्हणशील, की तपासणी अधिकारी झालीस म्हणून तेही गेलं?

भाची: मामाच म्हणेन. तोडलंत तुम्ही, आम्ही नाही. पाचशे चाकू पाठवलेत. तुमच्या धाकट्या मुलाच्या कारखान्याची पहिलीच ऑर्डर ना?

मामा: पहिलीच. म्हणून तर जिवाला घोर. इथून बोलावणं आलं तेव्हा त्याला म्हटलं, मी जातो, तपासणीच्या खोलीत माझी उभी हयात गेली. पण टेबलामागे तू असशील हे ठाऊक नव्हतं.

भाची: मला होतं. पेटीवर तुमचं नाव वाचलं आणि दिवसभर गाणं गुणगुणत होते. शिपाई म्हणाला, बाई आज भलत्याच खुशीत.

मामा: म्हणजे माल परत पाठवणार.

भाची: घाई काय आहे? आधी हा एक चाकू बघा. तुमच्याइतका मुरलेला तपासनीस आम्हाला कुठे मिळायचा?

मामा: घडीचा आहे. लाकडी मूठ, हात लागून लागून काळी पडलीय. खटका झकास बसतो. कोणाचा?

भाची: आधी तपासा, मग सांगते. ही पंचावन्न नंबरच्या कडकपणाची कानस. पातं तिच्याहून कडक असेल तर...

मामा: कानस घसरते, मऊ असेल तर धरते. मला शिकवतेस होय? हे बघ, धरली. कीस निघाला. मऊ आहे. तापवून पाणी नीट दिलेलं नाही. माझ्या हाताखालून गेला असता तर परत पाठवला असता.

भाची: पाठवलातच होता. बाबांचा आहे. त्यांच्या कारखान्याच्या, तुम्ही नापास केलेल्या त्या आठशेतला एक.

मामा: हा कुठून काढलास?

भाची: आईच्या शिवणाच्या डब्यातून. एकोणीस वर्षं दोरे कापते त्याने. पुठ्ठे कापते, पेन्सिली तासते, एकदा तर पत्र्याचा डबा उघडला होता. इतक्या वर्षांत धार लावली दोनदा. मऊ पात्याला, मामा, दोनदा.

मामा: असेल. एखादा निघतो चांगला.

भाची: हा दगड घ्या. कानस धरली तिथेच वीस वेळा घासा.

मामा: कशाला आता?

भाची: बाबांनी त्या दिवशी तुम्हाला हेच सांगितलं होतं. मी जेवणाचा डबा घेऊन दाराशी उभी होते. ते म्हणाले, उघड्या भट्टीत तापवलं की पात्याची वरची साल मऊ पडते, केसाएवढी. ती घासून काढा आणि मग कानस लावा, आत पोलाद आहे. तुम्ही काय म्हणालात?

मामा: माल जसा आला तसा तपासायचा.

भाची: 'दाजी, नियम म्हणजे नियम.' चारचौघांत. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला. त्या संध्याकाळपासून बाबा लोणीवाले झाले. ह्याचे चाकू लोणी कापायला बरे, म्हणायचे लोक. शाळेत मी लोणीवाल्याची. कारखाना बंद पडला, दुसऱ्याच्या दुकानात कात्र्यांना धार लावत बसले. गेले त्या दिवशी भेटायला आलेल्यांतला एक जण दारातच म्हणाला, लोणीवाले गेले वाटतं. घासा.

(दगडावर पातं घासल्याचा आवाज, बराच वेळ. मग कानशीचा.)

भाची: आता?

मामा: घसरतेय.

भाची: नीट बोला. तेव्हा ऐकायला चारचौघे होते. आज मी एकटी आहे, मला तरी स्पष्ट ऐकू येऊ दे.

मामा: कडक आहे. पंचावन्नच्या वरच आहे.

भाची: झालं. आता तुमचा माल. हा पेटीतला वरचाच चाकू. कानस मी लावते. बघा, धरली.

मामा: धरणारच. आमचीही भट्टी उघडीच आहे.

भाची: जसा आला तसा तपासायचा ना?

मामा: पोरी, घासून बघ. साल आहे ती वरची. पोलाद मी स्वतः निवडलंय, चाकावर धरून ठिणग्या बघून. जरासं घास आणि मग काय ते ठरव. हात जोडतो तुला.

भाची: बाबांनी हात जोडले नव्हते. नुसतं सांगितलं होतं.

मामा: माझ्यावरचा राग धाकट्यावर काढू नकोस. तो तेव्हा पाच वर्षांचा होता.

भाची: आणि मी बारा. लोणीवाल्याची म्हणताना माझं वय कोणी विचारलं नव्हतं.

मामा: तुझं खरं आहे.

भाची: एकच विचारते. तुम्हाला खरंच कळलं नव्हतं? आई म्हणते, तो नवा होता गं, त्याला ठाऊक नसेल. तुमचं नाव टाकलंय तिने, आणि तरी बाजू तुमचीच घेते. मीही तेच धरून चालले. मामा अडाणी होता, बस.

मामा: नवाच होतो. खुर्चीवर बसून महिना झाला होता. मेहुण्याचा माल सोडला म्हणाले असते.

भाची: हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही.

मामा: त्या दिवशी नव्हतं कळलं. रात्री झोप लागेना, दाजी खोटं बोलणारा माणूस नव्हता. दुसऱ्या दिवशी एक चाकू घरी नेला, मागच्या पायरीवर बसून घासला.

भाची: आणि?

मामा: घसरली कानस.

भाची: दुसऱ्याच दिवशी.

मामा: सही होऊन बसली होती. ती फिरवली असती तर खुर्ची गेली असती. म्हटलं, दाजी हुशार आहेत, सावरतील. मग उद्या सांगू, उद्या सांगू. एकदा गेलोही होतो त्यांच्याकडे, सांगायचंच म्हणून. हातात निमित्ताला कात्री होती. धार लावून घेतली आणि परत आलो.

भाची: लावून दिली त्यांनी?

मामा: दिली. अजून टिकून आहे.

भाची: म्हणजे मघाशी या चाकूवर कानस धरली तेव्हाही घासायला हवं हे ठाऊक होतं तुम्हाला. तरी मऊ म्हणालात.

मामा: दुसऱ्याचा चाकू होता.

भाची: हा कागद घ्या.

मामा: परत पाठवल्याचा.

भाची: वाचा तरी.

मामा: पास? पाचशेच्या पाचशे? यावर तर कालची तारीख आहे.

भाची: दर पेटीतले चार काढून, घासून तपासले. चांगला माल आहे, धाकट्याला सांगा. न घासता नापास केल्याचाही एक कागद लिहिला होता. लिहिता लिहिता अक्षर तुमच्यासारखं दिसायला लागलं, फाडून टाकला.

मामा: मग मला कशाला बोलावलंस? नुसता घाम काढायला?

भाची: हो, घाम काढायलाच. खोटं कशाला बोलू? वाटलं होतं, अडाणी माणसाला एकदा त्याची चूक दाखवावी आणि सोडून द्यावं. आता नाही सोडत. बाबांचा हा चाकू तुम्ही नेऊन द्यायचा आईला.

मामा: ताई मला दारात उभं करणार नाही.

भाची: मग दाराबाहेरून द्या. शिवायला बसली असेल, डब्यात चाकू शोधत असेल.

मामा: पात्यावर हा चकचकीत पट्टा उमटलाय. ती विचारेल, कोणी घासलं म्हणून.

भाची: विचारेलच.

मामा: सांगेन मी. आज भाचीसमोर मीच घासलं म्हणून सांगेन.

भाची: आजचं राहू दे, मामा. पहिल्यांदा कधी घासलं होतंत, ते सांगा.