बोंडाच्या गाडीले करंट

...नाही, तुम्हीच सांगा, गाडी उभी करावी तरी कुठं? आमच्या खामगावच्या उन्हाळ्यात बकरीसुद्धा आधी सावली पाहते, अन् या सोलरले पाहिजे ऊन! सावलीत ठेवली त करंट नाही, उन्हात ठेवली त माणूस नाही!

तुमाले सांगतो, बॅटऱ्या विकता विकता दाढी पांढरी झाली, पण असं गिऱ्हाईक नाही पाह्यलं. उंद्रीचे भगवानराव. दोस्त माहा. दर बाजाराले माह्या दुकानापुढच्या कडुलिंबाखाली बसणार अन् माह्याच चहाले नावं ठेवणार. कपाशीले लागोपाठ गुलाबी अळी लागली, तवा वावर दिलं बटईनं, निम्म्या वाट्यावर, अन् धरली चौकीदारी, पार जालन्यापुढं, रस्त्याच्या कामावर, माळरानात. राहाले काय? त भंगारातून चाकावरचा एक डबा आणला. कोणता? बियाण्याच्या प्रचाराचा! भोंगा लावून गावोगाव फिरे, तोच! बाजूले नारळाएवढं बोंड रंगवलेलं. म्हटलं, "पुसून टाका ना हे."

"राहू दे बे अकील! बिनअळीचं येवढं एकच बोंड पाह्यलं म्या."

आता हसावं का रडावं?

"पंखा, एक बल्ब, अन् शालूची वाफेची मशीन. चाललं पाहिजे." कपाशीच्या फवारणीत शालूवहिनीची, त्यांच्या बायकोची, छाती गेली, रोज वाफ लागते. म्हणजे करंट गेला त नुसता अंधार नाही होत, दम जाते बाईचा.

बसवलं. टपावर सोलरची प्लेट, आत बॅटरी. लिंबाखाली उभी केली, वहिनी खुश, मशीन मुकी! उन्हात ओढली, मशीन घुर्रर्र, अन् वहिनी आतून, "अकीलभाऊ, इथं चुलीचं काम नाही हो, भाकर हातावरच भाजते!" सावलीत ठेवली त करंट नाही, उन्हात ठेवली त माणूस नाही! मी म्हटलं, "भगवानराव, गाडीच नाही म्हणते, नका जाऊ."

"अन् करू काय? तुह्या लिंबाखाली बसून पाला मोजू?"

मी पुन्हा बॅटरीच्या वायरा तपासल्या.

दुसऱ्या दिवशी माही बायको नूरबी अन् वहिनी समोर कुरडया घालून राह्यल्या होत्या. कुरडया बाजेवर उन्हात, अन् ह्या दोघी सावलीत बसून लंब्या काठीनं कावळे हाकलतात. मी वरडलो, "अरे! प्लेटले टपावर काऊन चढवलं आपण?" उतरवली, उन्हात टेकवली, गाडी लिंबाखाली, मधात लंबी वायर... मशीन सुरू! वहिनीनं तोंडाले वाफ लावली, डोळे मिटले, पोटभर श्वास घेतला. मी टाळ्या पिटल्या! अन् पिटता पिटता ध्यानात आलं, गड्या, आता हे जातील.

गेले. जीपच्या मागं डबा, खिडकीत वहिनीचा हात, अन् ते येवढं मोठं बोंड... वळणापर्यंत दिसे.

परवा फोन आला. "अकील, मशीन झकास चालते बे! चहा मात्र इथचा तुह्यापेक्षाही बेक्कार."

मी हसलो. आज बाजाराचा दिवस, सवयीनं दोन चहा सांगून बसलो. तुम्हीच घ्या हा, थंड होऊन राह्यला... काय आहे, लिंबाची सावली आहे, दुकानात करंट आहे, माणूस नाही.