दुसरी ओळ पब्लिकची

हसून राह्यले तुम्ही, पण तीस वर्षं रॉक बँडमध्ये गायलेल्या माणसाले ही खोड लागतेच. पहिली ओळ आपण म्हणायची अन् माइक पब्लिकपुढं धरायचा. दुसरी ओळ पब्लिक म्हणते.

आता साठीत माहा पहिला एकट्याचा अल्बम. हिंगणघाटच्या जिनिंगच्या गोदामात कापसाच्या गाठींच्या मधात माइक लावला, म्हणजे आवाज घुमत नाई. बायको डबा घेऊन गाठीवर बसली. मी पहिली ओळ अशी ताणली का रेकॉर्डिस्ट खूश. मंग थांबलो अन् माइक गाठींपुढं धरला.

रेकॉर्डिस्ट म्हणे, "भाऊ, दुसरी ओळ काऊन नाई म्हटली?"

"ते पब्लिक म्हणते ना."

"गाणं नवं आहे, भाऊ. पब्लिकले कसं माहीत राहीन?"

त्यानं माही वही पाह्यली. आठही गाण्यांत दुसऱ्या ओळीच्या जागी नुसते टिंब. मी लिहिल्याच नव्हत्या! अन् संध्याकाळी गाठी ट्रकमध्ये जाणार होत्या.

बायकोनं वही ओढली. "आणा इकडं. घरीही तुमचं असंच. अर्धं बोलता अन् माह्या तोंडाकडं पाह्यता."

ट्रक लागायच्या आत तिनं आठही ओळी लिहून देल्या. अल्बमवर फोटो मात्र माहा एकट्याचाच.

परवा देवळीच्या कार्यक्रमात पहिली ओळ म्हटली अन् सवयीनं माइक पुढं धरला. अख्ख्या पब्लिकनं दुसरी ओळ म्हटली. मी ऐटीत बायकोकडं पाह्यलं.

ती म्हणे, "पाह्यलं? लोकाइले माहीच ओळ पाठ आहे."