हो, पण मूळचे कुठले?

...नाही, मी असं विचारलं काय मोठं? आडनाव! मराठी माणसाने मराठी माणसाला आडनाव नाही विचारायचं, तर काय रक्तदाब विचारायचा? आणि तेवढ्यावरून पोटची पोर ताटावरून उठते, मित्राला घेऊन चालती होते, वर मेसेज टाकते की बाबा, मी आता रविवारी जेवायला येणार नाही! अहो, रविवारचीच दिसते हो ती मला. एरवी हॉस्टेलवर. एकुलती एक पोर!

तुम्हाला सांगतो, सगळी चूक त्या एका विषयाची. आमची अस्मिता इथे न्यूझीलंडात, पामर्स्टन नॉर्थला कॉम्प्युटर शिकते. छान चाललं होतं. मधेच बाईसाहेबांनी जास्तीचा विषय घेतला : वंश, ओळख आणि दडपशाही. झालं! घरात साधं बोलणं बंद. भाजी करपली म्हटलं तर, "बाबा, स्वयंपाक आईच का करते? इट्स स्ट्रक्चरल." बरं बाई, स्ट्रक्चरल. पण करपलीय ना?

आता मी फार्मासिस्ट. काउंटरवर एक म्हातारी येते, गोड बाई, पण दर खेपेला तेच. "व्हेअर आर यू फ्रॉम, डिअर?" मी म्हणतो, पामी, म्हणजे आपलं पामर्स्टन नॉर्थच. "नो नो, बट रिअली?" मी गल्लीचं नाव सांगतो. "येस, बट ओरिजिनली?" अगं बाई, घर इथं, मतदान इथं, गुडघे झिजले ते इथल्या काउंटरमागे, अजून मी ओरिजिनली कुठला? अंगाची नुसती लाही लाही होते!

तर त्या रविवारी अस्मिताने वर्गातला नितीश जेवायला आणला. मराठी मुलगा, वाढलेला क्राइस्टचर्चकडे, हॉर्नबीत. मी ही म्हातारी रंगवून सांगितली, अगदी आवाज काढून. पोरगी खूश! म्हणाली, "बाबा, याला अदरिंग म्हणतात, माणसाला परकं ठरवणं. तुमच्यावर अन्याय होतोय." काय सांगू, इतक्या वर्षांत पोरीने पहिल्यांदा माझ्याकडे कौतुकाने बघितलं! त्याच आनंदात आमटी वाढता वाढता मी त्याला विचारलं, "आडनाव काय रे तुझं?"

"नितीश प्रकाश."

"प्रकाश वडिलांचं झालं. आडनाव?"

"तेच लावतो, काका."

"हो, पण मूळचं? कुठले तुम्ही?"

"हॉर्नबी."

"ते झालं रे. पण मूळचे कुठले?"

अस्मिताचा घास हातातच. "बाबा! यू आर द लेडी!"

मी? म्हातारी? आत्ता तर माझ्यावर अन्याय होत होता, आमटी वाढेपर्यंत मीच करायला लागलो? माझ्याच घरात? विचारलं काय, तर आडनाव!

तो नितीश मात्र शांत. म्हणाला, "काका, आडनाव सांगितलं की माझ्या आजीला लोक वरून पाणी ओतायचे. म्हणून बाबांनी ते टाकूनच दिलं." ...मी काय वरून ओतत होतो? मी वाढत होतो! त्याच्या ताटात, माझ्या हाताने! पण खरं सांगतो, लाज वाटली.

ती दोघं गेली. आमची कल्याणी भांडी आवरता आवरता म्हणते, "अहो, आडनाव कळलं असतं तर काय करणार होतात?"

"काय करणार? काही नाही. आपलं माहीत असावं."

"कशाला?"

...कशाला म्हणजे? कशाला म्हणजे... जाऊ दे.

पुढच्या रविवारी ताटं दोनच. श्रीखंड तसंच राहिलं. शेवटी मीच फोन केला : ये बाई, त्यालाही आण, नाही विचारत. आली! दोघंही आली. मी बसलो. आणि तुम्हाला सांगतो, मला दुसरा प्रश्नच सुचेना! जन्मभर नवीन माणसाला पहिलं हेच विचारलं, त्याच्यापुढे काय विचारतात हो? म्हटलं, "आज वारा फार." म्हणाला, "हो काका." पामीला वारा कधी नसतो? संपलं बोलणं!

तर तो कार्टा हळूच हसला आणि म्हणतो, "काका, तुमचं आडनाव काय?"

जिभेवर असलेलं आडनाव हो, आजवर छाती काढून सांगितलेलं, ते मी गिळूनच टाकलं. मी आपलं त्याच्यासारखंच वडिलांचं नाव पुढे केलं, "विश्वनाथ."

तर आमची पोरगी म्हणते, "हो बाबा, पण मूळचं?"

घ्या! म्हटलं, आमटी वाढ.