मधलं नाव डोरीन

आमचं गाव कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णेकाठी, आन् शाळा म्हणाल तर चौथी, तीबी मास्तर दयाळू व्हते म्हणून. मामा इथं लंडनात हॉटेलात भटारी व्हता, त्यानं बोलावून घेतलं. हॉटेलातनं मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत गेलो तो रिटायर होईस्तवर चादरीच धुतल्या. तिथंच डोरीन भेटली. वॉर्डात कामाला, जमैकाची, माझ्यापेक्षा वीतभर उंच, आन् चादरी न्यायला आली की म्हणायची, मिस्टर माने, ह्याला तुम्ही पांढरं म्हणता? काय सांगू तुम्हाला, भांडत भांडतच लग्न झालं आमचं. आता ती न्हाई. ह्या हिवाळ्यात गेली. तिची खुर्ची ती, खिडकीपाशी. तुम्ही तिथं नका बसू, इकडं या.

तर आमची आई गावाकडनं इथं लंडनात, हॅरोला आली तवा सून बघून तोंड फिरवूनच बसली. डोरीननं तेलाची वाटी घेतली आन् म्हातारीचे केस असे विंचरले, असे विंचरले की म्हातारी बसल्या जागी झोपली. उठली ती दुरपा, चहा कर, असं म्हणत उठली. डोरीन तिच्या जिभेवर बसंना, मरेपर्यंत दुरपाच म्हणली तिला. ज्योती, आमची लेक, तिचं मराठी माझ्याकडनं न्हाई आलेलं, मी नाईटला असायचो. ते ह्या दोघींकडनं, कुकरपाशी उभ्या राहून एक शिकवायची, दुसरी शिकायची, आन् पोर मधे बसून दोन्हीकडचं उचलायची. म्हणून आमची ज्योती कराडकडचं बोलते, लंडनात जन्मून.

आता ही पोर कुणाची, ह्यावर जो तो बोलायचा. आई म्हणायची पोर बापाची, त्यात काय इचारायचं. डोरीनची बहीण न्यूयॉर्कला, ती फोनवर म्हणायची, आमच्या अमेरिकेत काळ्या रक्ताचा थेंब असला की माणूस काळा, विषय संपला. आन् इथं शाळेच्या गेटावर एक मड्डम रोज डोरीनला इचारायची, ही नक्की काय हाय, इंडियन का ब्लॅक? डोरीन सांगायची, ही भुकेली हाय, बाजूला व्हा.

मंग ती अमेरिकेची निवडणूक टीव्हीवर आली. डोरीन तवा आजारीच, ब्लँकेट घेऊन त्या खुर्चीत. तिकडं एक बाई उभी व्हती, आईबाप दोन मुलखांचे, आन् टाय लावलेली माणसं तासतास भांडत्यात, ही खरी ह्यांची का त्यांची, काल ही व्हती तर आज ती कशी झाली. अरे तिला रस्त्याचं इचारा, दवाखान्याचं इचारा, ते न्हाई. डोरीन हसली, खोकला येईस्तवर हसली. म्हणली, शंकर, बघ, आपली शाळेच्या गेटावरची मड्डम अमेरिकेला जाऊन टीव्हीवर बसलीय. मंग ज्योतीकडं वळली. ज्योतीच्या डोक्यात तवा कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, उभं राहायचं घोळत व्हतं. तिला म्हणली, उभी रहा, पण मला दाराबाहेर ठेवून आत जाऊ नको.

आन् गेली ती. आता तुम्हाला आमच्या घरचं सांगतो, हे दुसरीकडं ऐकायला मिळायचं न्हाई. जमैकाच्या लोकांत माणूस गेलं की नववी रात्र जागवत्यात. रडत न्हाईत, माशे तळत्यात, रम पित्यात, गाणी म्हणत्यात, डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटत्यात, की बाई, तू खुशाल जा, आम्ही हाय इथं. आन् आपला दहावा दुसऱ्या दिवशी. म्हणजे तिची नववी आन् माझा दहावा, मधे नुसती एक पहाट. मी म्हणलो दोन्ही करायचं.

तर त्या नववीला आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी साठेसाहेब आन् त्यांच्या मिसेस दुखवट्याला आले. पांढरे कपडे, वहिनींच्या हातात पिठलं-भाताचा डबा, मेल्या घरी चूल पेटत न्हाई म्हणून आपल्याकडं देत्यात तसा. दारात आले तर आत सोंगट्या दणादण, डोरीनचा भाऊ गळा मोकळा सोडून गातोय, लोक हसत्यात. त्यांनी बेलबी वाजवली न्हाई. डबा पायरीवर ठेवला आन् गेले. मला तो ज्योतीनं उचलून आणला तवा कळलं. गारठला व्हता भात. पुढं मंडळात सगळ्यांना ठाऊक, मानेच्या घरी बायको मेली तर नाचत व्हते.

दुसऱ्या दिवशी मागच्या गार्डनमधे पिंड ठेवला. भात, वर तळलेल्या माशाचा तुकडा, तिच्या आवडीचा. हॅरोचे कावळे लठ्ठ, कशालाबी शिवत्यात, पण त्या दिवशी शेडवर बसून नुसते बघत व्हते. मी म्हणलो, दुरपा, मी जेवीन येळेवर. न्हाई. तिचा भाऊ हात जोडून कायतरी म्हणला. न्हाई. मंग ज्योती पुढं झाली, चप्पल काढली त्या थंडीत, आन् म्हणली, आई, तुझं नाव मी कुठं लपवणार न्हाई, कुणी मतं दिली न्हाईत तरी. कावळा शेडवरनं उतरला तो सरळ माशावर. माशासाठी आला म्हणा की तुम्ही. मीबी तसंच म्हणलो असतो, दुसऱ्याच्या घरी.

ज्योतीला तिकीट मिळालं. लीफलेट छापायचं झालं, वर नाव ज्योती डोरीन माने, तवा साठेसाहेबांचा मला फोन. म्हणले, माने, आपल्यात मधे वडलांचं नाव लावतात, ज्योती शंकर माने लावा, साडीतला फोटो टाका, आपली चारशे घरं डोळे झाकून मत देतील. ते डोरीन कशाला मधे? लोकांनी त्या रात्रीचं ऐकलंय. मी म्हणलो, साहेब, तुम्ही दारातनं परत गेला, आत काय व्हतं ते लोकांनी तुमच्याकडनंच ऐकलं ना?  मंग म्हणले, पाडव्याला हॉलवर पाठवा तिला, बोलू दे.

आमच्या घरी औंदा गुढी न्हाई, वर्ष व्हायचंय. पण हॉलवर गेलो. एक तरणा पोरगा उठला, पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, इंग्लिशमधे म्हणला, आय मीन, नो ऑफेन्स, पण तू नक्की कुणाची, आमची की त्यांची? अमेरिकेत पण हाच प्रश्न आहे. ज्योतीनं मराठीत इचारलं, दादा, तू कुणाचा, आईचा का बापाचा? सगळे हसले. ती म्हणली, हसताय, म्हणजे तुम्हाला ठाऊक हाय हा प्रश्न कसला हाय तो. तुला कुणी इचारत न्हाई, मला जन्मापास्नं इचारत्यात. माझं मराठी ऐकताय ना? ते मला एका जमैकाच्या बाईनं आन् कराडच्या म्हातारीनं शिकवलंय. मधलं नाव डोरीन हाय आन् डोरीनच ऱ्हाणार. द्यायचं तर त्या नावाला मत द्या.

टाळ्या कमीच पडल्या. मग मी उठलो. भाषण मला येत न्हाई. म्हणलो, माझी आई शेवटी अंथरुणावर व्हती, तिचं सगळं डोरीननं काढलं, आन् आईनं मरताना हाक मारली ती दुरपाला, मला न्हाई. एवढंच. बसलो.

पडली ज्योती. थोड्यानं पडली, पण पडली. डोरीनचं नाव नसतं तर निवडून आली असती असं साठेसाहेब म्हणत्यात, म्हणोत. अमेरिकेहून मेव्हणीचा फोन, रडत व्हती. मी म्हणलो रडू नको, माझी लेक पुरीच्या पुरी उभी राहिली आन् पुरीच्या पुरी पडली, निम्मी होऊन निवडून आली असती तर मी काय तोंड दाखवलं असतं ह्या खुर्चीला? छाती फुगते बगा माझी. पुढच्या येळेला परत उभी ऱ्हाणार हाय.

आन् परवा बेल वाजली. साठेवहिनी, एकट्याच. म्हणल्या, भावोजी, माझा डबा राहिलाय तुमच्याकडं. मी आत गेलो. डोरीन इस्टरला मनुकांचा बन करायची, तसाच ज्योतीनं आदल्या दिवशी केला व्हता, त्यातला तुकडा डब्यात भरला, डबा मोकळा कसा द्यायचा? वहिनींनी उघडून बघितला, वास घेतला. पायरीवर उभ्याच. मंग हळूच इचारलं, वर्षश्राद्धाला ते, त्या रात्रीसारखं, परत करणार का? म्हणलो करणार की, दोन्ही करणार. म्हणल्या, मी मासे खात नाही. म्हणलो नका खाऊ, डॉमिनो खेळा.

आत आल्या मग. तिच्या खुर्चीवर न्हाई बसल्या, इथं, तुम्ही बसलाय तिथं. तुम्हीबी या बरं का वर्षाला. दार उघडंच असतंय त्या दिवशी, बेल वाजवत बसू नका.