इग्वानांचं गोत्र

काकांच्या शहाणपणाचा एक नमुना ऐकाच. ताईनं पसंत केलेला बार्शीचा मुलगा त्यांनी नाकारला, का तर गोत्र एक. दोन्ही घरांची सात पिढ्यांत ओळख नाही, तरी म्हणे ती भावंडं! आणि हेच काका घरात पाळलेल्या दोन इग्वानांची, म्हणजे त्या हातभर लांब परदेशी सरड्यांची, जोडी जमवून पिल्लं विकायला निघालेले.

मी म्हटलं, "काका, ही दोघं एकाच मादीच्या अंड्यांतली, सख्खी भावंडं आहेत. पिल्लं पांगळी निघतील. वेगळी ठेवा की."

"कॉलेज सोडलेल्यानं मला शिकवू नये," काका गुरगुरले. "जनावरांना कसलं आलंय गोत्र?"

ताईनं चहाचा कप त्यांच्यापुढं आपटला. "मग लग्नापुरतं मला जनावर समजा की, काका."