थोरल्या जावयाचा पहिला शब्द

…आणि वर मलाच सांगतात, “थोरले जावईबापू, बोला.” अहो, बोलतो की! जन्मभर दुसरं काय केलंय मी? आधी मी बोलायचं, मग साडूने. आधी मी फसायचं, मग साडूने शहाणं व्हायचं. तुम्हाला सांगतो, षड्रिपूंपैकी पाच माझे आपसूक थकले; त्यात माझी साधना किती आणि माझे गुडघे किती, ते देव जाणे. सहावा मात्र, मत्सर, अजून ताठ आहे, आणि सासुरवाडीच्या पत्त्यांच्या स्पर्धेत दरवर्षी माझ्या डाव्या हाताला खुर्ची ओढून बसतो. चष्मा पुसतो. “दादा, पाणी देऊ का?” म्हणून विचारतो. हा माझा साडू.

आता हा माणूस वाईट असता तर काही अडचण नव्हती. वाईट माणसाबद्दल मनात जे येतं त्याला सात्त्विक संताप म्हणता येतं. पण हा चांगला आहे हो… मी धुण्याचं यंत्र घेतलं, ते कपडे पिळता पिळता न्हाणीघरातून चालत स्वयंपाकघरात यायचं. त्याने वर्षभर ते पाहिलं आणि मग न चालणारं घेतलं. माझे पित्ताशयाचे खडे काढले, तर पोटावर हा वीतभर व्रण. त्याचे खडे तीन वर्षांनी निघाले. तोवर दुर्बीण आली होती. तीन ठिपके, आणि दुसऱ्या दिवशी घरी चालत! त्याला भेटून येताना आमची ही म्हणाली, “भावजींचं कसं सुटसुटीत असतं, नाही?” सुटसुटीत… आधी मी, मग तो, दुसरं काय?

तर स्पर्धा. आमच्या सासऱ्यांचं वय सत्त्याऐंशी. त्यांनी यंदा जाहीर केलं, की जो जिंकेल त्याला माझी आरामखुर्ची. खिडकीपाशी असते ती. सागवानी, कापडाच्या झोळीची. मी मुलीला मागणी घालायला गेलो तेव्हा ते तिच्यात रेलून बसले होते आणि मी स्टुलावर. एकेचाळीस वर्षं मी त्या खुर्चीकडे पाहतोय. खुर्ची कसली, या घरात मोठा जावई कोण, त्याचा निकालच तो!

खेळ पोकरचा. पैशाचं नाव नाही. सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातली बटणं लावायची. प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले, मधे पाच पत्ते टप्प्याटप्प्याने उघडायचे, आणि प्रत्येक टप्प्याला बटणं लावतो की पास, ते बोलायचं; समोरच्याने लावली तर आपणही तेवढी लावायची, नाहीतर पत्ते टाकून डाव सोडायचा. यातलं मर्म एवढंच, की जो मागून बोलतो तो दुसऱ्याचं तोंड पाहून बोलतो, आणि जो आधी बोलतो तो अंधारात विहिरीच्या काठाने चालतो. म्हणून जगात सगळीकडे ही पाळी डावागणिक फिरते. आमच्याकडे फिरत नाही. आमच्याकडे थोरल्या जावयाचा मान पहिला. आधी मी, मग तो. ही रीत कोणी पाडली, ते सांगतो नंतर…

दुपारी चारपर्यंत बाकीचे सगळे गळाले. मेहुणा पत्ते वाटायला बसला. उरलो आम्ही दोघे, बटणं जवळजवळ सारखी. मी पत्त्यांची कड उचलून पाहिली. गुलाम… आणि दुसराही गुलाम. जोडी!

तुम्ही म्हणाल, मग झालं की. काही झालं नाही. गुलामांची जोडी म्हणजे घरात मोठं माणूस नाही तोवर रुबाब; राणी, राजा, एक्का, कुणीही आलं की हात जोडून उभी. मी तीस बटणं लावली, त्यानेही लावली. मेहुण्याने तीन पत्ते उघडले: सत्ती, चौकी आणि राणी. मी पिशवी विसरून बाजारातून परत आलो की आमची ही पाहते ना, तशी ती राणी माझ्याकडे पाहत होती.

आता बोला. कोणी? मीच! पास म्हणावं, तर घाबरलो हे कळतं; लावावं, तर त्याच्याकडे दुसरी राणी असली म्हणजे? मी खिशातल्या माळेवर बोटं ठेवली, नाम घेतलं, पण मण्यामण्यात त्याचाच चष्मा. चाळीस लावली. त्याने पत्त्यांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं आणि चाळीस मोजून ठेवली. चौथा पत्ता दुर्री. मी पास म्हटलं, तोही पास. दया दाखवतोय, असं वाटून मी आणखी जळलो. आणि पाचवा पत्ता… राजा.

सगळा दरबार भरला, आणि माझ्या हातात दोन नोकर!

“थोरले जावईबापू, बोला,” सासरे म्हणाले. मी पुन्हा माळ धरली आणि म्हटलं, “पास.” साडूने चष्मा पुसला आणि ओंजळीने सगळी बटणं पुढे सरकवली.

याच्याकडे राजा असणारच. आपल्याला पडसं येतं तसे याला राजे येतात. मी पत्ते टाकले. मग त्याने आपले उलटले. पंजी आणि तिर्री! काहीही नाही! उरलेली बटणं पुढच्या दोन डावांत गेली. माझं मन त्या गुलामांपाशीच होतं.

मी विचारलं, एवढं धाडस केलंस कशाच्या जोरावर? तर तो अगदी हळू म्हणाला, “दादा, पत्ते चांगले असले की तुमचा हात माळेकडे जात नाही.”

तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांत इतकं खरं निरूपण मी ऐकलेलं नाही. आणि ते त्याने करावं?

खुर्ची त्याची झाली. तर म्हणतो, “दादा, आधी तुम्ही बसा.” आधी मी! बसलो. टर्रकन कापड फाटलं. मी जमिनीवर, खुर्चीची चौकट माझ्याभोवती. त्यानेच हात धरून उठवलं आणि सासऱ्यांना म्हणाला, “बाबा, पुढच्या वर्षी पाळी फिरती ठेवू या. दादांना सारखं आधी बोलावं लागतं, अन्याय होतो.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारण ती रीत कोणी पाडली हे सगळ्यांना ठाऊक. अकरा वर्षांपूर्वी यानेच हा खेळ शिकवला, पहिल्या डावाला त्याची पाळी पहिली आली, आणि मी ताडकन म्हणालो होतो, “थोरला इथे बसलेला असताना धाकटा आधी बोलणार?”

आता फक्त “ठेवा” म्हणायचं होतं. एक शब्द. पण सासरे म्हणताहेत, “धाकटे जावईबापू, बोला,” आणि मी गप्प बसून ऐकतोय, हे डोळ्यांपुढे आलं, हात खिशात गेला, आणि तोंड उघडलं…

“काही गरज नाही. थोरला मी आहे. आधी मीच बोलणार.”

“बरं, दादा,” साडू म्हणाला.

खुर्चीला त्याने नवं कापड घातलंय म्हणे. चांगलं जाड, दुहेरी शिवणीचं… आधी मी बसून पाहिलं होतं ना.